सदसद्विवेक आणि औषधाचे दुकान : एका वादाची सद्यःस्थिती

डॉक्टरांनी चिठ्ठी रीतसर लिहून दिलेली आहे, औषधाच्या विक्रीस कायद्याची हरकत नाही, दुकानाच्या फळीवर ते ठेवलेलेही आहे, आणि तरीही काउंटरमागे उभा असलेला फार्मासिस्ट ‘हे औषध देणे माझ्या धर्मबुद्धीला मान्य नाही’ असे सांगून नकार देतो, तर त्याला तशी मुभा असावी की नसावी, हा प्रश्न गेली पंचवीस-तीस वर्षे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आणि युरोपातील काही देशांत वादाचा विषय होऊन बसला आहे. विधिमंडळे, गव्हर्नर, परवाने देणारी मंडळे, वरिष्ठ न्यायालये आणि नीतिशास्त्राचे प्राध्यापक या वादात उतरलेच. २००७ च्या ऑक्टोबरात खुद्द पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीही कॅथलिक फार्मासिस्टांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे बोलताना अशा नकाराचा हक्क मान्य व्हावा अशी मागणी केली. वादाच्या केंद्रस्थानी बहुतेक वेळा एकच वस्तू राहिली आहे, ती म्हणजे संबंधानंतर घ्यावयाची आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी. प्रश्न मात्र त्या गोळीपुरता नाही. परवानाधारक व्यावसायिकाच्या खाजगी श्रद्धेचा भार कोणी उचलावयाचा, त्याने स्वतः, त्याच्या मालकाने, राज्याने की समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने, असे त्याचे खरे स्वरूप आहे.

पूर्वपीठिका

फार्मासिस्ट हा डॉक्टरांची आज्ञा मुकाट्याने पाळणारा कारागीर आहे, की स्वतंत्र विचारबुद्धी असलेला व्यावसायिक आहे, याविषयी त्या व्यवसायाचेच मत शतकभरात बरेच पालटले. अमेरिकन फार्मासिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेची १९५२ सालची आचारसंहिता अशी होती, की चिठ्ठीतील औषधाचे घटक काय आणि त्याचा परिणाम कोणता, याची चर्चा फार्मासिस्टाने रुग्णाशी करू नये. विचारणा झालीच तर डॉक्टरांकडे बोट दाखवावे. १९६९ मध्ये ही बंदी गळाली, आणि १९९० च्या एका केंद्रीय कायद्याने तर सरकारी वैद्यकीय साहाय्य घेणाऱ्या गरीब रुग्णांना औषधाविषयी समजावून सांगण्याची तयारी दाखवणे हे फार्मासिस्टाचे कर्तव्यच ठरवले. मादक द्रव्यांच्या बाबतीत तर डॉक्टरांइतकीच जबाबदारी त्याच्यावर टाकलेली आहे. चिठ्ठी संशयास्पद वाटली तर औषध न देणे हाच तेथे त्याचा धर्म. व्यवसायाने ज्याला विचार करावयास सांगितले, त्याला नीतीचा विचार तेवढा वर्ज्य करा असे सांगता येईल काय, हा पुढील वादातील एक मुद्दा या इतिहासातूनच निघालेला आहे.

दुसरा धागा कायद्याचा. १९७३ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला, आणि त्याच वर्षी आयडाहोचे सिनेटर फ्रँक चर्च यांच्या दुरुस्तीने असे ठरले, की केंद्राचा निधी मिळतो एवढ्या कारणावरून कोणाही डॉक्टरावर, परिचारिकेवर वा रुग्णालयावर गर्भपाताची किंवा नसबंदीची सक्ती करता येणार नाही. राज्याराज्यांतून याच धर्तीचे कायदे झाले. त्यांत फार्मासिस्टाचा उल्लेख क्वचितच असे, कारण शस्त्रक्रियागृहातील प्रसंग त्याच्या काउंटरवर येण्याचे त्या काळी कारणच नव्हते.

ते कारण १९९८–९९ मध्ये उत्पन्न झाले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९८ मध्ये ‘प्रिव्हेन’ आणि १९९९ मध्ये ‘प्लॅन बी’ या आपत्कालीन गोळ्यांना चिठ्ठीवर विक्रीची परवानगी दिली. ज्या श्रद्धाळूंच्या मते मनुष्यजीवनाचा प्रारंभ बीज फलित होण्याच्या क्षणी होतो, त्यांना या गोळ्या गर्भपाताच्याच वाटल्या. वॉलमार्टने ‘प्रिव्हेन’ ठेवण्याचे नाकारले, आणि साउथ डकोटाने १९९८ मध्येच फार्मासिस्टाचा स्पष्ट उल्लेख करून नकाराचा हक्क देणारा कायदा केला. राष्ट्रीय संघटनेने त्याच वर्षी मध्यममार्ग काढला. फार्मासिस्टाला सदसद्विवेकानुसार नकार देण्याचा हक्क आहे. परंतु रुग्णाला औषध मिळेल अशी व्यवस्था आधीच लावून ठेवलेली असली पाहिजे. संघटनेच्या मंडळींनी याचा अर्थ असा सांगितला, की फार्मासिस्टाने बाजूला व्हावे, आडवे होऊ नये.

खटल्यांचा कालखंड

बाजूला होणे आणि आडवे होणे यांतील सीमारेषा विस्कॉन्सिन राज्यातील मेनोमनी येथे २००२ च्या उन्हाळ्यात एका प्रसंगाने ठळक झाली. एक विद्यार्थिनी नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्यांची चिठ्ठी पुन्हा भरून घेण्यास गेली असता पाळीवरच्या फार्मासिस्टाने गोळ्या देण्याचे तर नाकारलेच, पण दुसऱ्या दुकानातून दूरध्वनी आला तेव्हा चिठ्ठीचा तपशील तिकडे कळवण्यासही तो तयार झाला नाही. आपण तसे केले तर त्या कृत्यात आपलाही वाटा होईल, असे त्याचे म्हणणे. राज्याच्या मंडळाने त्याच्यावर ठपका ठेवला, त्याला नीतिविषयक अभ्यासक्रम पुरा करावयास लावले आणि चौकशीचा खर्चही भरावयास सांगितले. २००८ मध्ये अपील न्यायालयाने ठपका कायम केला. याच गृहस्थांनी पुढे दुसऱ्या एका दुकानात नोकरी धरली. तेथे मालकाने त्यांच्यासाठी गर्भनिरोधकांच्या चिठ्ठ्या इतरांकडे देण्याची सोय केलेली असतानाही, अशा कामासाठी कोणी दूरध्वनी केला की ते त्याला ताटकळत ठेवीत, आणि समोर कोणी आले की कुणालाही न सांगता तेथून निघून जात. केंद्रीय अपील न्यायालयाने २००७ मध्ये असा निर्णय दिला, की मालकावर याहून अधिक सोय करण्याचे बंधन नाही. नकार मान्य करावयाचा झाला तरी तो कोणत्या रीतीने द्यावा याला मर्यादा असते, हे या प्रकरणातून जितके स्पष्ट झाले तितके पुढच्या मोठमोठ्या खटल्यांतून झाले नाही, असे मला वाटते.

२००४ च्या जानेवारीत टेक्सासमधील डेंटन येथे बलात्काराला बळी पडलेल्या एका स्त्रीला आपत्कालीन गोळी नाकारली गेली, तेव्हा मालक कंपनीने संबंधितांना नोकरीवरून काढले आणि प्रश्न देशभर गाजला. त्याच वर्षी मिसिसिपीने फार्मासिस्टांसह सर्व आरोग्यसेवकांना नकाराची विस्तृत मुभा देणारा कायदा केला, तर पुढल्या वर्षीच्या १ एप्रिलला इलिनॉयचे गव्हर्नर रॉड ब्लागोयेविच यांनी नेमका उलट हुकूम काढला : जे दुकान गर्भनिरोधके विकते त्याने चिठ्ठी येताच विनाविलंब औषध दिले पाहिजे. हुकुमाविरुद्धचा दावा सात वर्षे चालला, आणि अखेर २०१२ मध्ये इलिनॉयच्या अपील न्यायालयाने राज्याच्याच जुन्या विवेक-संरक्षक कायद्याच्या आधारे फिर्यादी दुकानदारांच्या बाजूने निकाल दिला.

सर्वांत विचारपूर्वक केलेला नियम वॉशिंग्टन राज्याचा म्हणावा लागेल. २००७ मध्ये तेथील मंडळाने व्यक्ती आणि दुकान यांत भेद केला. एखाद्या फार्मासिस्टाला औषध द्यावयाचे नसेल तर त्याने खुशाल बाजूला व्हावे, पण त्याच पाळीत दुसरा कोणी ते देणारा हवा. दुकानाला मात्र नकाराचा हक्क नाही. ऑलिंपिया शहरातील एका कौटुंबिक मालकीच्या दुकानाने याविरुद्ध दाद मागितली. जिल्हा न्यायाधीश रॉनल्ड लेटन यांनी २०१२ मध्ये नियम रद्द ठरवला; त्यांचे कारण असे, की किंमत परवडत नाही, साठवण गैरसोयीची आहे, अशा व्यापारी कारणांसाठी दुकाने राजरोस नकार देत असताना श्रद्धेचे कारण तेवढे वगळणे हा पक्षपात होय. अपील न्यायालयाने २०१५ मध्ये हा निकाल फिरवला, आणि नियम सर्वांना सारखा लागू आहे, कोणा धर्माला उद्देशून नाही, असे म्हटले. २८ जून २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्याचे नाकारले. न्यायमूर्ती अलिटो यांनी रॉबर्ट्स आणि थॉमस यांच्यासह भिन्नमत नोंदवून, त्या दुकानापासून पाच मैलांच्या आत गोळी देणारी तीसहून अधिक दुकाने आहेत, याकडे लक्ष वेधले.

युरोपातील निकाल

युरोपची वाट काहीशी वेगळी आहे. फ्रान्समधील बोर्दोजवळच्या सालबफ गावातील दुकानाच्या दोन भागीदार मालकांनी १९९५ मध्ये तीन स्त्रियांना चिठ्ठी असूनही गर्भनिरोधके नाकारली. त्यांना प्रत्येकी ५,००० फ्रँक दंड झाला. मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने २ ऑक्टोबर २००१ रोजी त्यांची तक्रार दाखल करून घेण्यासच नकार दिला. त्या निर्णयाचा युक्तिवाद अगदी सरळ आहे : हे औषध चिठ्ठीवर फक्त औषधांच्या दुकानातच मिळते, दुकानाला असा एकाधिकार दिलेला असताना मालकाने आपली श्रद्धा गिऱ्हाइकावर लादू नये, ती व्यक्त करण्यास व्यवसायाबाहेरचे अनेक मार्ग त्याला मोकळे आहेत. एकाधिकाराचा हा मुद्दा मला सर्व वादातील सर्वांत भक्कम वाटतो. परवाना हा राज्याने इतरांना मज्जाव करून दिलेला लाभ असतो, आणि ज्याने लाभ घेतला त्याने त्याबरोबर येणारे कर्ज नाकारणे अवघड असते.

तरीही युरोपात एकवाक्यता नाही. सेव्हिल येथील एका फार्मासिस्टाला आपत्कालीन गोळी व निरोध यांचा किमान साठा न ठेवल्याबद्दल ३,३०० युरो दंड झाला होता. स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने २०१५ मध्ये गोळीच्या बाबतीत त्याचा विवेकाचा बचाव मान्य केला आणि निरोधाच्या बाबतीत फेटाळला. शहराच्या मध्यभागी इतर दुकाने जवळच होती, या गोष्टीचे वजन तेथे पडले. ब्रिटनमध्ये पूर्वी, नकार द्या पण रुग्णाला दुसऱ्याकडे पाठवा, अशी रीत होती. २०१७ च्या मार्गदर्शनाने भर रुग्णाच्या गरजेवर देऊन, केवळ दुसरीकडे पाठवून देणे नेहमीच पुरेसे ठरणार नाही, असे बजावले. जर्मनीत बर्लिन-ब्रांडेनबुर्गच्या वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयाने २०२४ मध्ये, ज्याला ही गोळी विकणे पटत नाही त्याने स्वतःचे दुकान चालवू नये, इतके स्पष्ट म्हटले, आणि तरीही समोरच्या फार्मासिस्टाला शिक्षा करण्याचे टाळले.

पक्षांचे म्हणणे

नकाराचा हक्क मागणाऱ्यांचे म्हणणे केवळ धार्मिक भावनेवर उभे नाही. मनुष्याने धंदा पत्करला म्हणून त्याची नीतिमत्ता दाराबाहेर ठेवावी असे म्हणणे म्हणजे व्यवसायाला यंत्र करणे होय. उलट ज्या वैद्यकाला आत्मा आहे असे आपण मानतो, त्याच वैद्यकाकडून आपण संकटकाळी अन्यायाला नकाराचीही अपेक्षा ठेवतो. हा युक्तिवाद धार्मिक नसलेल्यांनाही कधी कधी उपयोगी पडतो, याचे प्रत्यंतर २०१५ मध्ये आले : विषारी इंजेक्शनने देहदंड देण्याच्या कामी औषधे पुरवण्यापासून सभासदांनी परावृत्त व्हावे, असा ठराव त्याच राष्ट्रीय संघटनेने केला, आणि गोळी नाकारणाऱ्यांवर टीका करणाऱ्या पुष्कळांनी त्याचे स्वागत केले. ओरेगनच्या इच्छामरणाच्या कायद्यातही आरोग्यसेवकावर सहभागाची सक्ती नाही.

दुसऱ्या पक्षाची मांडणी ज्युली कँटर व केन बॉम यांच्या २००४ च्या आणि आल्टा चारो यांच्या २००५ च्या लेखांतून सुव्यवस्थित झाली; ब्रिटनमध्ये ज्युलियन सॅव्ह्युलेस्क्यू यांनी २००६ मध्ये ती अधिक कठोर केली. त्यांच्या मते व्यवसाय हा ऐच्छिक आहे, गरज मात्र ऐच्छिक नाही. आणि आपत्कालीन गोळी ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर घ्यावयाची असल्याने उशीर म्हणजेच नकार. आज गर्भनिरोधक नाकारू दिले तर उद्या एड्सच्या औषधाविषयी किंवा अविवाहितांना द्यावयाच्या चिठ्ठीविषयी कोणत्या तत्त्वावर थांबणार, हाही त्यांचा प्रश्न आहे.

मधल्या पक्षाला डॅन ब्रॉक यांनी ‘रूढ तडजोड’ म्हटले : नकार देणाऱ्याने माहिती द्यावी, दुसऱ्याकडे पाठवावे, आणि त्यामुळे गिऱ्हाइकावर अवाजवी ओझे पडू नये. बहुतेक संघटनांची धोरणे याच चौकटीत बसतात. पण ही तडजोड ज्याच्यासाठी केली त्यालाच ती पुष्कळदा नको असते, कारण हत्या आहे असे ज्याला मनापासून वाटते त्याला ‘मी करीत नाही, पलीकडच्या दुकानात करतात’ असे सांगणेही पापच वाटते. हॉली फर्नांडिझ लिंच यांनी २००८ च्या ग्रंथात यावर निराळी तजवीज सुचवली : सेवा मिळवून देण्याचे दायित्व व्यक्तीवरून उचलून परवाना देणाऱ्या मंडळावर ठेवावे, म्हणजे कोणत्या भागात किती जण नकार देणार आहेत आणि पर्यायी सोय कोठे, हे पाहणे मंडळाचे काम होईल. माझा कल या विचाराकडे आहे.

येथे एक बाब विसरली जाते. देणाऱ्यालाही सदसद्विवेक असतो. मुंबईत १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र उघडणारे आणि पुढे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवणारे र. धों. कर्वे नोकरी गमावून आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेऊन साधने पुरवीत राहिले, ते कर्तव्यबुद्धीनेच. संरक्षणाचे कायदे मात्र जवळजवळ सर्वत्र नकार देणाऱ्या विवेकासाठी झाले. पुरवठा करणाऱ्या विवेकाला त्यांत क्वचितच स्थान मिळाले.

वस्तुस्थितीचा प्रश्न

तत्त्वाच्या वादाखाली एक शास्त्रीय वाद दडलेला आहे. गोळीच्या वेष्टनावर, फलित बीज गर्भाशयाच्या अस्तरात रुजण्यास ती कदाचित अडथळा करील, असे वाक्य पुष्कळ वर्षे छापलेले होते, आणि आक्षेपकांचा सर्व आधार त्या वाक्यावर होता. पुढील संशोधनातून लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे औषध मुख्यतः बीजोत्सर्ग लांबवते, आणि तो होऊन गेल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही, असे दिसून आले. २०२२ च्या डिसेंबरात औषध प्रशासनाने ते वाक्य काढून टाकले. म्हणून वाद संपावा, असे वाटेल. तो संपला नाही. कंपनीच्या मालकांनी अशाच गोळ्यांना हरकत घेतलेल्या २०१४ च्या हॉबी लॉबी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने श्रद्धा प्रामाणिक आहे एवढेच पाहिले, ती शास्त्राला धरून आहे की नाही याची छाननी केली नाही. आणि न्यायालयाने धर्ममतांचा खरेखोटेपणा ठरवू नये, हे तत्त्वही अमेरिकेत जुने आहे. परंतु ‘गर्भपात पाप आहे’ हे धर्ममत, आणि ‘या गोळीने गर्भपात होतो’ हे विधान, यांपैकी दुसरे धर्माचे नाही. या दोहोंना वेगळे करण्याची रीत कायद्याला अद्याप सापडलेली नाही.

विवेकाविना नकार

२०२२ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क काढून घेतल्यावर एक वेगळाच नकार पुढे आला. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट, जठराच्या व्रणासाठी मिझोप्रोस्टॉल अशा औषधांच्या चिठ्ठ्या काही ठिकाणी अडून राहू लागल्या, कारण ती गर्भपातासाठीही वापरता येतात आणि फार्मासिस्टाला राज्याच्या कायद्याची धास्ती वाटे. त्या जुलैत केंद्रीय आरोग्य खात्याने सुमारे ६०,००० दुकानांना भेदभावविरोधी कायद्याची आठवण करून देणारे पत्रक काढले.

या प्रकारच्या नकाराशी महाराष्ट्राचा परिचय जुना आहे. २००१ मध्ये दर हजार मुलांमागे ९१३ असलेले सहा वर्षांखालील मुलींचे प्रमाण २०११ च्या जनगणनेत ८९४ वर आल्याचे दिसल्यानंतर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने गर्भपाताच्या गोळ्यांच्या विक्रीची दप्तरे कसून तपासण्यास प्रारंभ केला, आणि कटकट नको म्हणून पुष्कळ केमिस्टांनी त्या ठेवणेच सोडले. या गोळ्या पहिल्या काही आठवड्यांतच वापरावयाच्या असतात, गर्भाचे लिंग सोनोग्राफीत दिसते ते त्यानंतर पुष्कळ उशिरा. तेव्हा लिंगनिवडीशी त्यांचा संबंध जोडणे मुळातच चुकीचे होते. आपल्याकडे आपत्कालीन गोळी चिठ्ठीविना मिळते, आणि विवेकाच्या नावाने नकार हा प्रश्न येथील न्यायालयांपुढे ठळकपणे आलेला नाही. पण ‘ते औषध आम्ही ठेवत नाही’ या चार-पाच शब्दांमागे श्रद्धा आहे, भीती आहे की नफ्यातोट्याचा हिशेब, हे काउंटरच्या पलीकडून ओळखता येत नाही, ही अडचण दोन्ही देशांत सारखीच आहे.

जे अनिर्णित आहे

एकट्या फार्मासिस्टाचा प्रश्न सर्वांत बिकट. मिनेसोटातील मॅकग्रेगर या काही शेकड्यांच्या वस्तीच्या गावात २०१९ च्या जानेवारीत एका स्त्रीला ‘एला’ ही चिठ्ठीची आपत्कालीन गोळी नाकारली गेली. दुसऱ्या दिवशी दुसरा फार्मासिस्ट येईल, वादळाने त्याला अडवले नाही तर, असे तिला सांगण्यात आले, आणि ती हिमवर्षावात जाऊन येऊन शंभरएक मैलांचा प्रवास करून औषध घेऊन आली. जूरीने २०२२ मध्ये, हा लिंगभेद नव्हे, परंतु तिला झालेल्या मनस्तापाची किंमत २५,००० डॉलर, असा चमत्कारिक कौल दिला. २०२४ मध्ये अपील न्यायालयाने तो तसाच उभा राहू दिला नाही. ऑलिंपियाच्या पाच मैलांतील तीस दुकानांवर बेतलेला युक्तिवाद येथे लागू पडत नाही, आणि दुसरा माणूस पाळीवर ठेवण्याचा वॉशिंग्टनचा नियम अशा गावातील मालकाला परवडत नाही.

नोकराची सोय मालकाने कोठवर करावी, याचे मापही अलीकडे बदलले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली किरकोळ खर्चापलीकडे मालकाला जावे लागत नसे. २०२३ च्या जूनमधील ग्रॉफ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पायरी बरीच वर नेली. २००७ चा विस्कॉन्सिनच्या फार्मासिस्टाविरुद्धचा निर्णय नव्या मापाने तसाच लागला असता की नाही, हे वकिलांमध्ये विवाद्य आहे. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवणे कोणत्याच मापात बसणार नाही, असे मला वाटते.

एका बाजूने वादाचे क्षेत्र आकुंचन पावते आहे. ‘प्लॅन बी वन-स्टेप’ २०१३ पासून वयाच्या अटीविना फळीवरून उचलता येते, आणि रोजची गर्भनिरोधक गोळी ‘ओपिल’ २०२४ पासून चिठ्ठीविना मिळू लागली. जे फार्मासिस्टाच्या हातून जातच नाही ते त्याला अडवताही येत नाही. दुसऱ्या बाजूने ते पसरते आहे. गर्भपाताची मिफेप्रिस्टोन ही गोळी किरकोळ दुकानांतून देण्यास २०२३ च्या जानेवारीत परवानगी मिळाली आणि दुकानांच्या दोन मोठ्या साखळ्यांनी २०२४ मध्ये काही राज्यांत ती देण्यास सुरुवात केली. त्याच सुमारास दुकानांची संख्या घटत चालली आणि राइट एडसारखी जुनी साखळी २०२५ मध्ये पूर्णपणे बंद पडली. ‘जवळच दुसरे दुकान आहे’ या गृहीतकावर अमेरिकेतील आणि स्पेनमधील जे युक्तिवाद उभे आहेत, त्यांची फेरतपासणी आता तेथील मंडळांना गावागावांचा नकाशा पुढे ठेवून करावी लागेल.